एका जागी बसलेली पाठ

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थिनीने बोलायचे म्हणजे आठवणी सांगायच्या, अशी एक रीत पडून गेली आहे. त्या सांगणारे माझ्याहून चांगले वक्ते या व्याख्यानमालेत बोलून गेले, म्हणून मी ती वाट सोडते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. चंदीगडच्या विमानतळाला लागून, मोहालीच्या हद्दीत एयरोसिटी नावाची वसाहत उभी राहिली आहे. तिथे माझा दवाखाना आहे. माणसाची पाठ, मान आणि खांदे यांखेरीज फारसे काही मला ठाऊक नाही. त्याविषयीच बोलते.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला उठून जावे लागले तरी हरकत नाही. वाकडे बसल्याने पाठ बिघडते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात तथ्य थोडे आहे. त्याहून मोठे कारण आहे न हलणे. मग बसणे सरळ असो की वाकडे, खुर्चीवर असो की जमिनीवर, आणि बसण्याऐवजी उभे राहणे असले तरी. आणि काम करणारा माणूस हलत नाही तो आळसामुळे किंवा अज्ञानामुळे नव्हे. त्याच्या कामाची मोजणीच अशी बांधलेली असते की हलणे त्याला परवडत नाही.

एयरोसिटीत माझ्याकडे येणारे बहुतेक लोक जवळच्या आयटी सिटीत किंवा चंदीगडच्या कार्यालयांत संगणकापुढे बसणारे. वय तिशी-पस्तिशीचे. येताना एमआरआयची फिल्म घेऊन येतात आणि नवी खुर्ची केवढ्याला घेतली तेही सांगतात. तक्रार ठरलेली : दुपारनंतर कंबर धरते, मानेपासून खांद्यापर्यंत दोर ओढल्यासारखे होते, बैठकीतून उठताना पहिली चार पावले वाकूनच पडतात. हे वर्णन पहिल्यांदा ऐकले तेव्हाच ते मला ओळखीचे वाटले, कारण सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. आपल्या शाळेच्या पटावरची निम्मी मुले घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी होती, आणि त्यांच्या आया विड्या वळत होत्या. आज समोर बसलेल्या पालकांतही त्या आहेत. मोहालीतला अभियंता आणि साखर पेठेतली विडी कामगार यांच्या मजुरीत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण संध्याकाळी दोघांची पाठ एकच भाषा बोलते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने ती मापाने कापायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. पानात तंबाखू भरायचा, पान वळायचे, टोके दुमडायची, दोरा गुंडाळून बांधायचा, आणि विडी बाजूला टाकायची. मजुरी हजार विड्यांमागे. आठ तासांत हजार विड्या करायच्या तर एका विडीच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ येतो, आणि पाने कापण्याचा वेळही त्यातच. स्वयंपाक, पाणी, मुले हे सगळे या आठ तासांच्या बाहेर. शिवाय माल जमा करताना छाट निघते. छाटीतल्या विडीचा कष्ट वाया जातो. म्हणून मान खाली, डोळे सुपावर, आणि लक्ष पानाच्या कडेवर.

आता एक गोष्ट पाहा. या कामात हात क्षणभरही थांबत नाहीत. बघणाऱ्याला वाटते, केवढी हालचाल चालू आहे! पण हलतात ती फक्त बोटे आणि मनगटे. ती अचूक हलावीत म्हणून खांदा, मान आणि पाठ यांना खांबासारखे स्थिर राहावे लागते. बोटांचे श्रम डोळ्यांना दिसतात, खांबाचे दिसत नाहीत. संगणकावर टंकलेखन करणाऱ्याचे, शिलाई यंत्रावरच्या कारागिराचे, सोनाराचे, पैठणी विणणाऱ्याचे असेच. आणि दुखते ते बहुधा खांबातच.

का दुखते? स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्यातील रक्त बाहेर ढकलले जाते. सैल होतो तेव्हा ताजे रक्त आत शिरते. धुणे पिळावे, पुन्हा पाण्यात बुडवावे, पुन्हा पिळावे, तसे हे चालते. चालणे, दळणे, पोहणे यांत हा क्रम आपोआप सांभाळला जातो. पण पिळलेले धुणे तसेच मुठीत धरून ठेवले तर? मान पुढे झुकवून आपण बसतो तेव्हा साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे डोके मागून धरून ठेवण्याचे काम मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंकडे येते. ते आकुंचन सौम्य असते, पण सुटत नाही. आतल्या केशवाहिन्या दबलेल्या राहतात, प्राणवायू कमी पोचतो, आणि कामातून निर्माण झालेली द्रव्ये जागच्या जागी साचतात. जर्मन संशोधक वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० साली अशा स्थिर श्रमाचे मोजमाप मांडले. स्नायूच्या सर्वाधिक शक्तीच्या सुमारे १५ टक्क्यांपर्यंतचा भार माणूस दीर्घकाळ धरू शकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि बरीच वर्षे तोच दाखला चालला. पुढे ही मर्यादा फारच उदार ठरली. त्याहून कितीतरी हलका भार, पण दिवसभर, वर्षानुवर्षे धरला तरी दुखणे जडते.

हे कोडे उलगडण्यासाठी स्वीडनचे योरान हेग यांनी १९९१ साली एक कल्पना मांडली, आणि तिला सिंड्रेलाचे नाव मिळाले. ती आपल्याकडे मांडायची तर थोरल्या सुनेचे उदाहरण घ्यावे लागेल. एकत्र कुटुंबात सर्वांत आधी उठते ती आणि सर्वांत शेवटी पाठ टेकते तीही तीच. स्नायूतही असे काही लहान तंतू असतात. हलके काम असले की प्रथम तेच कामाला लागतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांना सुट्टी नसते. मोठे, दणकट तंतू जड कामाच्या वेळी येतात आणि लगेच परततात. म्हणजे काम हलके असणे ही या लहान तंतूंच्या दृष्टीने सवलत नव्हेच. ‘बसून तर काम आहे, त्यात काय दमायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हेग यांची कल्पना अजून गृहीतकाच्या पायरीवर आहे हे खरे. पण दवाखान्यात जे दिसते त्याच्याशी ती चांगली जुळते.

स्नायूनंतर मणक्यांमधली गादी. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग आता घरोघरी पोचला आहे, पण गादी जगते कशी हे फारसे कुणी सांगत नाही. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिनी जात नाही. शेजारच्या मणक्यांतून झिरपून येईल तेवढ्यावरच तिचे पोषण. भार पडला की तिच्यातील थोडे पाणी बाहेर जाते, भार उतरला की पुन्हा आत शोषले जाते. रात्रभर आडवे पडल्यावर ती फुगते, दिवसभरात पुन्हा दबते. म्हणून सकाळी मोजलेली आपली उंची रात्रीच्या उंचीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. कुणाला शंका असेल तर घरी भिंतीवर खुणा करून पाहावे, मुलांना त्यात मोठी मौज वाटते. एकाच स्थितीत तासन्‌तास बसले की ही ये-जा मंदावते.

या गादीतील दाब मोजण्याचा इतिहास मनोरंजक आहे. स्वीडनमधील गोथेनबर्गचे आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात स्वयंसेवकांच्या गादीत सुई घालून दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात तो बराच जास्त असतो, असे दाखवले. ‘ताठ बसा’ या उपदेशाला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून सुमारे दिवसभर नोंदी घेतल्या. तेव्हा असे आढळले की खुर्चीत मागे रेलून, सैल पडून बसले तर दाब उभ्या स्थितीपेक्षाही कमी असतो! माणूस एकच होता, म्हणून त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण ‘हीच एक बैठक योग्य’ असा आग्रह धरण्याइतका पुरावा आज आमच्या शास्त्राकडे नाही, हे मात्र मी जबाबदारीने सांगू शकते.

तिसरा भाग अस्थिबंधांचा, म्हणजे मणक्यांना मागून बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा. पूर्ण पुढे वाकून बसले की थोड्या वेळाने पाठीचे स्नायू आपले काम जवळजवळ सोडून देतात आणि सारा भार या पट्ट्यांवर लोंबकळतो. जुन्या झोळीचे कापड जसे हळूहळू ताणत जाते तशा त्या ताणतात. कॅनडातील स्टुअर्ट मॅक्‌गिल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना वीस मिनिटे असे वाकवून बसवले. मग सरळ झाल्यावर दोन मिनिटांत पाठीचा नेहमीचा ताठपणा निम्माच परतला. थोडा सैलपणा अर्ध्या तासानंतरही शिल्लक होता. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. तीन तास सुपावर वाकलेली बाई उठते आणि त्याच पावली पाण्याची घागर उचलते. ट्रकचालक रात्रभर गाडी चालवून उतरतो आणि लगेच पोत्याला हात घालतो. पाठ निकामी होण्याचे प्रसंग नेमके अशा वेळी येतात, आणि दोष घागरीला दिला जातो. आधी पाच मिनिटे अंगणात चालावे, मग घागर उचलावी. आजच्या भाषणातून एवढे एकच वाक्य कुणी घरी नेले तरी मला पुरे आहे.

आता उभ्याने काम करणाऱ्यांविषयी, कारण सोलापुरात यंत्रमागाला विसरून चालणार नाही. चादर आणि टॉवेल यांच्या मागावर कामगार पाळीभर उभा असतो. तो मागांमध्ये फेऱ्या घालतो तोवर ठीक. पण एकाच जागी खिळून उभे राहिले की पोटऱ्यांचा पंप थांबतो. पायातील रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. कवायतीच्या मैदानावर ताठ उभा असलेला जवान चक्कर येऊन पडतो तो याच कारणाने. पाय जड होणे, शिरा फुगणे, टाचा दुखणे आणि अखेरीस कंबर. आपले शिक्षकही याच वर्गातले. फळ्यापाशी सहा-सहा तास उभे राहिलेल्या गुरुजनांनी टाचदुखीची तक्रार कधी आमच्या कानावर येऊ दिली नाही, एवढेच.

हे सारे नवे ज्ञान आहे असे मात्र समजू नये. इटलीतील मोदेना येथे वैद्यक शिकवणारे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कामगारांच्या व्याधींवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? शिंपी आणि चांभार सतत वाकून बसल्याने पोक काढून चालतात, हे त्यांनी नोंदवले आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी या लोकांनी व्यायाम करावा, असे सुचवले. १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या व्याधीची तीन कारणे रामाझ्झिनी देतात : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि कागदावर चूक होऊ नये याचा मनावरचा ताण. संगणकापुढे बसणाऱ्या माझ्या रोग्यांना हे वाचून दाखवले की ते तारीख विचारतात. विडी वळणाऱ्या बाईला वेगळे काही सांगावे लागणार नाही. चुकीचा ताण म्हणजे छाट.

चंदीगडमध्ये राहत असल्याने खुर्चीविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते शहर ल कार्बुझिए यांनी आखले, हे आपण जाणताच. त्यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे यांनी १९५०च्या दशकात तेथील कचेऱ्यांसाठी सागवानी चौकटीच्या, वेताच्या बैठकीच्या, उलट्या ‘व्ही’सारख्या पायांच्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, अडगळीत गेल्या, भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, आणि आज त्यातील एकेक खुर्ची युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना जाते. अखेर २०११ साली केंद्र सरकारला या वारशाची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला. खुर्ची देखणी आहे यात शंका नाही. पण ती ज्यांच्यासाठी घडवली त्या कारकुनांच्या पाठींचे पुढे काय झाले, याचा लिलाव कुठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही. कार्बुझिए यांचे स्वतःचे मानवी मापही १८३ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे, म्हणजे सहा फुटी. आपल्याकडे भारतीय शरीराची मापे पद्धतशीर घेऊन पुस्तकरूपात यायला १९९७ साल उजाडले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे ते काम प्रसिद्ध केले. तोवर, आणि खरे तर त्यानंतरही, पाच फुटी माणसाने सहा फुटी खुर्चीत पाय लोंबते ठेवूनच काम केले आहे.

खुर्ची चांगली असावी, हे मी मानते. पाय जमिनीला टेकावेत, कमरेला आधार मिळावा, पडदा डोळ्यांच्या पातळीला असावा. पण एयरोसिटीतील उदाहरणे सांगतात की उत्तम खुर्ची माणसाला अधिक वेळ न उठता बसवून ठेवते. हा तिचा गुण की दोष?

येथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. माणूस मुळात हलणारा प्राणी आहे. दुखायला लागण्याआधीच शरीर आपल्याला कूस बदलायला लावते. झोपेतही आपण ती बदलतो. आपल्या आज्या जात्यावर बसत, विळीवर बसत, मग पाणी आणायला जात, मग उखळापाशी उभ्या राहत. ते कष्ट अतोनात होते, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण एका कामाची बैठक दुसऱ्या कामाने मोडत असे. ही मोडण्याची सोय गेली कधी? काम नगावर मोजले जाऊ लागले तेव्हा. हजार विड्यांमागे मजुरी ठरली की उठणे म्हणजे विड्या बुडणे. मीटरवर मजुरी ठरली की माग बंद ठेवणे म्हणजे मजुरी बुडणे. कॉल सेंटरमध्ये दोन कॉलमधले सेकंद मोजले जातात. अशा माणसाला ‘दर अर्ध्या तासाने उठत जा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या खिशातून पैसे काढून घेतल्यासारखे आहे. तो मान डोलावतो आणि बसून राहतो.

म्हणून या प्रश्नावर मालकांना पटेल असा पुरावा हवा, आणि तो आहे. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यात संगणकावर माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज त्यांना तासागणिक पाच मिनिटांची जादा विश्रांती दिली. दुखणे कमी झाले, डोळ्यांचा त्रास कमी झाला, आणि दिवसाचे काम मात्र घटले नाही. जादा विश्रांतीत गेलेला वेळ कर्मचाऱ्यांनी उरलेल्या वेळात भरून काढला. थकलेला हात चुका करतो हे आपल्याकडच्या कुठल्याही मुकादमाला ठाऊक असते. तरी तो पाच मिनिटे द्यायला कचरतो.

कायद्यानेही या बाबतीत थोडे केले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील ४४ व्या कलमाने, उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. पण ‘कारखाना’ या व्याख्येत न बसणाऱ्या छोट्या शेडना आणि दुकानांना ते लागू नव्हते. केरळात कोळिक्कोडच्या साड्यांच्या दुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २०१८ साली तेथील दुकानविषयक कायद्यात तशी दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. दहा-बारा तास उभे राहून साड्या उलगडून दाखवणाऱ्या त्या बायकांनी मागितले काय होते? एक स्टूल. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता, पण काम घरात गेले की कायदा दारातच थांबत असे. घरात सूप कोण बघायला येणार?

मग घरात काय करता येईल? जे मी स्वतः सुचवते तेवढेच सांगते. यादी लांबवत नाही. कट्टा पंचवीस विड्यांचा असतो. दर कट्टा बांधून झाला की सूप खाली ठेवावे, दोन्ही हात डोक्यावर ताणावेत, खांदे मागे फिरवावेत. याला दहा श्वासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. चार कट्ट्यांनंतर उठून दारापर्यंत जाऊन यावे. बैठक एकच ठेवू नये. मांडी, एक पाय लांब, भिंतीला पाठ, पाटावर बसून पाय सोडलेले, अशी आलटून पालटून ठेवावी. सूप मांडीऐवजी बुटक्या चौरंगावर ठेवले तर मान कमी झुकते. संगणकवाल्यांना मी फोन उभ्याने घ्यायला आणि पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवायला सांगते, म्हणजे ती भरायला उठावे लागते. आठवड्यातून निदान दोन-तीनदा पाठीला खरा व्यायामही हवाच. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम, लेझीम असेल तर त्याहून उत्तम, कारण ती एकट्याने कंटाळत करावी लागत नाही.

दुखू लागले की काय, याचेही उत्तर बदलले आहे. पूर्वी महिनाभर फळीवर झोपवत. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले आणि दुखण्यात दुसरा फरक पडला नाही. आज जगभर सल्ला असा की शक्य तितके हिंडते-फिरते राहावे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यातील बहुसंख्यांना एमआरआयची गरज नसते. चाळिशी उलटलेल्या निरोगी माणसाच्या फिल्ममध्येही झिजलेली गादी दिसते, आणि ती पाहून माणूस उगाच घाबरून आणखी हलेनासा होतो.

पण काही खुणा अशा आहेत की ज्या दिसल्या तर माझ्यासारखीकडे न येता थेट डॉक्टरांकडे जावे. पायातील ताकद कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे : यांत एक दिवसही दवडू नये. बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, हेही साधे नव्हे. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, तंबाखूच्या धुळीत खोकला आणि थकवा अंगवळणी पडून जातो, आणि ‘बसून बसून दुखते’ या एका वाक्यात तो क्षय महिनोन्‌महिने लपून राहतो. औषधोपचाराने तो बरा होतो. उशीर झाला तर पाय जातात.

आता शाळेविषयी. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा आपण सर्वांनी पाळली. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकांना दुसरा इलाज नव्हता, हेही मी समजते. पण न हलणे म्हणजे शिस्त आणि चुळबुळ म्हणजे खोडी, हा धडा आपण इतका पक्का गिरवला की कामावर पाठ ओरडू लागली तरी आपल्याला उठायची लाज वाटते. चुळबुळणारे मूल त्याच्या गादीला पाणी पाजत असते, असे मी आता म्हणेन. मोबाइलमुळे मुलांच्या माना वाकड्या होतील या भीतीने पालक मला फार प्रश्न विचारतात. मोबाइलवर वाकण्याहून, त्यापुढे दोन तास न हलता पडून राहण्याची मला अधिक काळजी वाटते.

महोत्सव समितीने माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून नवे बाक करण्याचे ठरवले आहे असे कळले. माझी विनंती एवढीच की पाचवीचे मूल आणि दहावीचे मूल यांना एकाच मापाचा बाक देऊ नये. दोन उंचींचे बाक करावेत, आणि प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीपाशी एक उंच मेज ठेवावे, म्हणजे ज्याला वाटेल त्याला तास चालू असताना मागे उभे राहून लिहिता येईल. मेजाचा खर्च मी देते. दोन तासांच्या मधल्या घंटेला सगळ्या वर्गाने उभे राहून एकदा हात ताणावेत, याला तर खर्चही नाही.

मी घड्याळ पाहिले. आपण पाऊण तास माझ्यापुढे स्थिर बसला आहात. प्रश्न ज्यांना विचारायचे असतील त्यांनी कृपया उभे राहून विचारावेत. आणि ज्यांना काहीच विचारायचे नाही, त्यांनीही उभे राहायला हरकत नाही.